बावीस झाडं आणि एकतीस मार्च

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पत्र आलं. आलं एकदाचं! दीड पान, आणि त्यात "मिरची" हा शब्द एकदाही नाही. "राज्यावरील वित्तीय ताण विचारात घेता सदर संशोधन योजना ३१ मार्चनंतर चालू ठेवणे शक्य होणार नाही." सदर योजना म्हणजे माझी सात वर्षं. सदर!

हेमकांत सरांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. केंद्राचे प्रमुख ते, पण चेहरा नापास झालेल्या पोरासारखा. "चारुलता, एक तारखेला प्लॉट मोकळा करून द्यायचाय." मी म्हटलं, "सर, झाडांना कोणी कळवायचं?" त्यांनी चहा मागवला.

लिहून काढते, डोकं तरी थंड होईल. यंदा प्लॉटमध्ये सहाशे झाडं. दरवर्षीसारखा कोकडा आला – पानं मुरडली, झाडं खुरटली, खेळ खलास. पण चोवीस नंबरच्या ओळीतली बावीस झाडं उभी राहिली. सरळ पानांची, हिरवीगार, औषधाचा एक थेंब न मारता! जानेवारीच्या शेवटी मी प्रत्येक झाडाची एक फांदी मलमलच्या पिशवीत बांधली, दुसऱ्या झाडाचा पराग लागू नये म्हणून. वर नंबराची चिठ्ठी. त्या पिशवीतलं फळ लाल झालं की बी धरायचं. हे सगळं व्हायला एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडणार. आणि पत्र म्हणतंय एकतीस मार्च.

दहा-बारा दिवस कमी पडतायत. सात वर्षांत फक्त दहा-बारा दिवस! ते बी हाती आलं नाही तर परत शून्यापासून.

१३ फेब्रुवारी

झोप नाही. सगळ्यांवर चिडले. स्कूटीला लाथ मारली, पाय माझाच दुखतोय.

१५ फेब्रुवारी, रविवार

नवनीतशी भांडण. माझा धाकटा भाऊ, तापीकाठची आमची केळी तोच बघतो, आणि पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, हा त्याचा मोठा दोष. म्हणे, "ताई, सरकारनी तिजोरीमा काही ऱ्हायनं नही. जितलं येस त्यान्हापेक्षा जास्ती जास. मंग कोठे तरी कापनंच पडी ना!" आणि तुटीचा आकडा मला असा सांगत होता, जसा काही तो मीच खाल्लाय.

मी म्हटलं, "मागला वरीसले तू ठिबक टाकं, रोपं आनात, अकरा महिना घरमा एक रुपया उना नही. ती तूट नव्हती का?"

"तो खर्च थोडीच शे, ताई! ती लागवड शे."

मी भाकर खाली ठेवली. "मंग आम्ही काय करी ऱ्हायनूत?"

तो लोणचं चाटत बसला. आई म्हणाली, "पहिले जेवा बरं दोन्ही! वरन थंडं व्हयी ऱ्हायनं." पण मला दिवसभर बरं वाटलं. लागवड! इतकी वर्षं अहवाल लिहितेय, हा शब्द मला सुचला नव्हता. सुचला कोणाला, तर नवनीतला.

२० फेब्रुवारी

आज मी फार वाईट बोलले.

प्लॉटवर नऊ बाया कामाला येतात, जवळच्याच वस्तीतल्या. त्यांच्यात पुढारी अशी कोणी नाही, पण बोलायचं झालं की बोलते ती फुलीबाई. निंदणी चालू होती. तिच्या मोबाइलवर मेसेज आला. बायांच्या खात्यात सरकार महिन्याचे पैसे टाकतं, त्याचा. तिला वाचता येत नाही, पण तो आवाज ओळखते. "ताई, बघ, आले का?" म्हणून हसत हसत मोबाइल माझ्या पुढे धरला.

आणि मी – "येणारच! आमच्या मिरचीचे काढून तुमच्या खात्यात टाकतायत!"

फुलीबाईने मोबाइल कमरेला खोचला आणि खुरपं हातात घेतलं. दुपारी रोजच्यासारखी मला भाकर द्यायला आली नाही.

लाज वाटतेय. पण इथे खोटं कशाला लिहू – थोडं खरंही वाटतंय. तिकडे वाटायला पैसे आहेत आणि इकडे बावीस झाडांना दहा दिवस द्यायला नाहीत. तिच्यावर राग नाही माझा. मग कोणावर काढू? सरांवर? ते आधीच अर्धे झालेत.

४ मार्च

बाया होळीला गेल्या. करमसिंग – आमचा वॉचमन – तोही तीन दिवस गेला. प्लॉटवर मी एकटी. मोटर बंद, म्हणून बावीस झाडांना बादलीने पाणी घातलं. कंबर गेली.

पिशव्यांतून हात घालून फळं मोजली. एकशे चौसष्ट! सगळी हिरवी. बाळांनो, जरा घाई करा रे!

११ मार्च

सरांनी पेपर टेबलावर आपटला. अर्थसंकल्प. "तूट" हा शब्द केवढ्या मोठ्या अक्षरात! सर कधी आवाज चढवत नाहीत, आज चढवला. म्हणे, "आपल्या योजनेचा वर्षाचा खर्च या पानावर छापायचा म्हटला तर शाईचा ठिपकाही पडणार नाही." मग लगेच शांत झाले. म्हणाले, "तूट खोटी नाही हं चारुलता. कर्जाचं व्याज कोणाला चुकलंय? पण कुठे कापलं तर काय मरतं, हे कोणी तरी समोर जाऊन सांगायला नको?"

"कोण सांगणार, सर?"

"आपण. पुण्याला जाऊ. फार फार तर नाही म्हणतील."

हे हेमकांत सर! जे सुट्टीचा अर्जसुद्धा घाबरत टाकतात! मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

१९ मार्च, पाडवा

सहा नंबरच्या झाडावर पहिलं फळ रंग धरतंय! घरी गुढी, आईचं श्रीखंड, आणि मी सगळ्यांना मिरची लाल होतेय म्हणून सांगत सुटले. नवनीत म्हणे, मिरची लालच होस.

२८ मार्च, शनिवार

बायांना आज शेवटची मजुरी दिली. यानंतरचं बिल मार्चमध्ये बसत नाही. हजेरीपटावर सह्या-अंगठे घेतले, पैसे हातावर ठेवले. फुलीबाईने पैसे मोजलेच नाहीत, तसेच पदरात बांधले. "तू कुठं जाशील आता?" तिने मला विचारलं. महिन्याभराने पहिलं वाक्य! मी म्हटलं, उद्या पुण्याला, सरांबरोबर, मुदत मागायला चाललोय. तिने मान हलवली. तिला काय कळलं कोण जाणे.

माफी मागायची होती. नाही मागितली. घाईत होते, अर्ज टाइप करायचा होता. मोठी आली अर्जवाली!

पिशव्यांमधली निम्मी फळं अर्धी लाल. दहा दिवस. फक्त दहा.

३० मार्च, सोमवार. पुणे, एसटी स्टँड

मिळाली! मिळाली! मिळाली!

सविस्तर लिहिते, गाडीला वेळ आहे. मार्च एंड, म्हणून कार्यालयात फाइलींचे ढीग, कोणी मान वर करेना. वित्त विभागाच्या बाईंनी तीन तास बसवून ठेवलं. मग म्हणाल्या, दोन मिनिटं. सर बोलू लागले आणि अडखळले. मग मीच बोलले.

बाई वाईट नाहीत. सरळ बोलल्या. "आधी व्याज जातं. मग पगार, मग पेन्शन. उरतं त्यात शाळा, दवाखाने, रस्ते आणि तुम्ही. कापा म्हटलं की आम्ही काय करतो, तर जिथे ओरड होत नाही तिथे कापतो. मिरची ओरडत नाही."

मी म्हटलं, "म्हणून मी आलेय ओरडायला."

हसल्या! मग मी नवनीतची केळी सांगितली. अकरा महिने घरात काही येत नाही, तरी माझा भाऊ त्याला खर्च म्हणत नाही, लागवड म्हणतो. आणि दहाव्या महिन्यात बाग उपटणाऱ्याला आमच्याकडे काटकसरी म्हणत नाहीत, दुसरंच काही तरी म्हणतात. बाईंनी विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं. सर खोकायला लागले.

तीस एप्रिलपर्यंत मुदतवाढ, विनानिधी. पैसा एक नाही, पण जमीन आणि झाडं महिनाभर आमची! माझा करारही तेवढाच वाढला, बिनपगारी. असू दे! सरांनी मला स्टँडवर उसाचा रस पाजला, दोन ग्लास.

३१ मार्च

सगळं गेलं.

गाडीतून उतरून सरळ प्लॉटवर गेले. सहाशे झाडं उभी, आणि एकावरही फळ नाही. एकही नाही. बावीस झाडांवर पिशव्या नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. मी येड्यासारखी ओळीतून फिरले, पानं उलटी करकरून बघितली.

करमसिंग फाटकातून आला, नेहमीसारखा शांत. "बाई, तुम्ही शेवटची मजुरी दिली ना? मग परवा बायांनी सरवा वेचला."

सरवा! पिकाची शेवटची मजुरी दिली, मालकाने हात काढला, की मागे राहिलेलं बायांचं. कापूस असो, भुईमूग असो, मिरची असो. त्यांचा हक्क आहे तो, चोरी नाही. करमसिंग कशाला अडवेल? माझी आई दरवर्षी मजुरी देण्याच्या आधी, दारात उभी राहून सांगते – "सरवा तुमना, पन बीनं सोडी द्या." लहानपणापासून ऐकतेय. केंद्रावर सात वर्षांत शेवटची मजुरी अशी कधी दिलीच नव्हती, काम संपायचंच नाही, म्हणून हे वाक्य बोलायची वेळ आली नव्हती. शनिवारी आली. आणि मी बोलले नाही.

सर नाशिक शहरातले. त्यांना सरवा माहीत नाही. मला माहीत होता. सरकारने मुदत दिली आणि मी घालवली. दुसऱ्या कोणाचं नावही घेता येत नाही.

पर्समध्ये मुदतवाढीचं पत्र तसंच आहे. सरांना अजून सांगितलं नाही. सांगायची हिंमत नाही.

१ एप्रिल

सकाळी आईला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "तू त्यासना घर गई का?" नाही गेले. "मंग रडी काय ऱ्हायनी? जाय!"

गेले. फुलीबाईच्या अंगणात खाटेवर मिरच्या वाळत घातलेल्या, सगळ्या आखडलेल्या, बारक्या. मी म्हटलं, "फुलीबाई, पिशव्या बांधलेल्या मिरच्या... त्या कुठायत? खाल्ल्या का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पिशवीतली कोण खाईल? ते बी आहे. तूच तर बांधलं."

आत घेऊन गेली. चुलीच्या वर आढ्याला काठी, काठीला माझ्या पिशव्या टांगलेल्या. फांदी कापून आणलेली, पिशवी तशीच, चिठ्ठी तशीच! मी खाली जमिनीवर बसले आणि मोठ्याने रडले. तिची सून पाणी घेऊन आली.

"त्या झाडांना कोकडा नव्हता," फुलीबाई म्हणाली. "तू शेत सोडून दिलं. म्हटलं, ताईला नको तर आपण लावू. नाल्याजवळ अर्धा एकर बटाईनं घेतलं मी. पाईप घेतला." मग तिने तो काळा पाईप दाखवला, दारामागे वेटोळं करून ठेवलेला, नवा कोरा. आणि म्हणाली – हसत म्हणाली, मला ते हसणंच जास्त लागलं – "ते पैसे तुझ्या मिरचीचेच होते ना? मग मिरचीलाच लावले."

मी माफी मागितली. नीट, तोंडाने, हात धरून. ती म्हणाली, "तू तेव्हा भुकेली होती, म्हणून बोलली. भाकर खा." कळण्याची भाकर, ठेचा. त्या ठेच्यात काय होतं ते विचारलं नाही.

मग नऊ घरं फिरलो, दोघी. बावीसपैकी अठरा पिशव्या मिळाल्या! तीन पिशव्यांची चटणी झाली – एकीच्या सासूने केली, आणि सासू म्हणे चव चांगली होती. उरली एक. सहा नंबर! माझं सगळ्यात चांगलं झाड! ती फुलीबाईची लेक खापरला सासरी घेऊन गेली.

२ एप्रिल

खापर. जीपमध्ये चौदा माणसं आणि दोन कोंबड्या. फुलीबाई खिडकीत, मी कोंबड्यांजवळ.

लेकीने पिशवी काढून दिली, पण मुठीत दाबूनच. "दहा बिया ठेवू दे, ताई." मी वीस दिल्या. तिने विचारलं, रोप कधी टाकू, पाणी किती देऊ. तासभर बसलो. सरकारी प्रशिक्षणात मला इतके प्रश्न कधी कोणी विचारले नव्हते.

४ एप्रिल

सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, पण भीती खरी तीच बोलले: "फळ अर्धकच्चं तोडलंय चारुलता. बी उगवलं नाही तर?" एकोणीस पिशव्या, प्रत्येकीतल्या दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून ठेवल्या. एकशे नव्वद बिया. आता बघायचं.

१० एप्रिल

काही नाही.

१२ एप्रिल

काही नाही. करमसिंग रोज विचारतो. आज त्याच्यावर ओरडले. मग त्याला चहा पाजला.

१४ एप्रिल

मोड! अकरा नंबरला मोड! दोन! पांढरे, तांदळाच्या कणीएवढे! सर धावत आले, चष्मा विसरून आले, आणि मग दिसेना म्हणून परत धावत गेले!

१९ एप्रिल

अंतिम मोजणी: एकशे नव्वदपैकी एकशे एकेचाळीस. सहा नंबर – दहापैकी दहा. फुलीबाईला फोनवर सांगितलं. ती म्हणे, "उगवणारच. धुरावर टांगलं होतं ना." अहवालात लिहायला हवं.

३० एप्रिल

शेवटचा दिवस. निम्मं बी केंद्राच्या शीतपेटीत, नंबरवार. निम्मं नऊ घरांत, प्रत्येक घराला दोन-तीन झाडांचं. ही कल्पना सरांची! "एकाच ठिकाणी ठेवलं की एका पत्राने जातं," म्हणाले. त्यांनी नवा प्रस्तावही पाठवलाय. चाचणीच्या जागा म्हणून नऊ बायांचे तुकडे दाखवलेत, नावांसकट. पुण्याच्या बाईंनी फोन केला – "पाठवा, मी वाचते. पण यंदा पैशाचं काही सांगू शकत नाही." वाचते म्हणाल्या, हे काय कमी आहे?

माझा करार आज संपला. चावी करमसिंगच्या हातात दिली. आता केळीच्या बागेत नवनीतचे टोमणे ऐकायचे. काळजी वाटते, नाही असं नाही. छत्तिसाव्या वर्षी परत भावाच्या घरात हात पसरायचा. पण बी आहे! बी आहे!

४ मे, सोमवार

आज फुलीबाई आमच्या घरी आली. पहिल्यांदाच. आईने खाटेवर बसवलं, चहा दिला.

मग म्हणाली, नऊ जणींनी ठरवलंय. खात्यात येणाऱ्या पैशातून दर महिन्याला प्रत्येकी दोनशे काढायचे. "आठवड्यातून एक दिवस ये. पिशवी कशी बांधायची, कोणतं झाड ठेवायचं, दाखव. रोज देऊ तुला."

मी मनात हिशेब केला: महिन्याचे अठराशे, चार आठवडे. रोज साडेचारशे. मी त्यांना साडेतीनशे देत होते.

हो म्हटलं. फाटकापाशी जाऊन ती वळली. "सकाळी सात वाजता, ताई. उशिरा आलीस तर अर्धा रोज कापीन."